लाइव्हअबोर्डवर केबिन कुठली घ्यायची? सगळ्या डेकवर झोपून झाल्यावर लिहितेय

तारकर्लीला पहिल्यांदा पाण्यात उतरलेली आमची सगळी गँग आता लाइव्हअबोर्डने, म्हणजे राहून स्कूबा डायव्हिंग करायच्या बोटींनी, थायलंडची सिमिलन बेटं, मालदीव, रेड सी असं करत फिरतेय आणि प्रत्येक जण मला विचारतो की साइट्स कशा आहेत, शार्क दिसतात का, जेवण कसं असतं. केबिन कुठली घेतलीस हे कोणी विचारत नाही. अरे पण चार दिवस ते आठवडाभर तुम्ही त्याच बोटीवर राहणार, सकाळी सहाला घंटा वाजणार, दिवसात तीन-चार डाइव्ह, आणि रात्री झोप झाली नसेल तर तिसऱ्या दिवशी रिचेल्यू रॉकवर (थायलंडमधली नावाजलेली डाइव्ह साइट) समोर व्हेल शार्क आला तरी डोकं जड. मी चौघांच्या बंकमध्येही झोपलेय आणि सगळ्यात वरच्या सुइटमध्येही, आणि माझं मत असं झालंय की बोटीवर जास्त पैसे म्हणजे जास्त झोप असं अजिबात नाही.

आधी हलण्याबद्दल. बोट सगळ्यात कमी हलते ती मधोमध, पाण्याच्या पातळीच्या आसपास. पुढे-मागे जाल तसं वर-खाली आपटणं वाढतं आणि जितक्या उंचावर जाल तितकं बाजूला झुलणं वाढतं. आता ब्रोशर उघडा, बऱ्याच बोटींवर सगळ्यात महाग केबिन कुठे असते? वरच्या डेकवर, पुढच्या टोकाला, मोठी खिडकी, डबल बेड, वर टॉवेलचा हंस. रेड सीमध्ये ब्रदर्स किंवा डेडलस या लांबच्या रीफना जाताना रात्रभराचं क्रॉसिंग असतं आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेचा, त्यात तो सुइट म्हणजे वरंधा घाटात एसटीच्या शेवटच्या सीटवर झोपल्यासारखं. मैत्रिणीचं जमलं नाही म्हणून मला तो मिळाला होता, फोटो मस्त आले, झोप शून्य. शेवटी गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफजॅकेट सरकवलं आणि भिंत आणि गादीच्या खाचेत अंग कोंबून पडले, ही युक्ती मात्र लक्षात ठेवा, कुठल्याही बंकवर चालते. बेड आडवा आहे की उभा तेही बघा. बोटीच्या लांबीला आडवा असेल तर बोट झुलली की आळीपाळीने डोकं वर, पाय वर, आणि माझ्या पोटाला ते बिलकुल चालत नाही.

मग आवाज. खालच्या डेकची मागची केबिन स्वस्त मिळत असेल तर कारण सरळ आहे, भिंतीपलीकडे इंजिन रूम. एसीसाठी जनरेटर रात्रभर चालू असतो, आणि वास! डिझेलचा वास आणि रिकामं पोट, सकाळच्या पहिल्या डाइव्हआधी याच्याइतकं वाईट काही नाही. खाली अगदी पुढे गेलात तर नांगराची साखळी, पहाटे खडखडाट करून उठवते. थायलंडच्या बोटी थाप लामू बंदरातून संध्याकाळी निघून रात्रभर चालतात, टाक्यांत हवा भरणारा कंप्रेसरही त्याच बोटीवर, त्यामुळे तिथे जागा फार बघून घ्या. मालदीवमध्ये वेगळं आहे, टाक्या, कंप्रेसर, ओले सूट सगळं सोबतच्या धोणीवर (छोट्या वेगळ्या बोटीवर) असतं आणि मोठी बोट बहुतेक रात्री लगूनमध्ये नांगरून शांत उभी, म्हणून तिथे मी सरळ सगळ्यात स्वस्त केबिन घेते आणि उरलेले पैसे नायट्रॉक्सवर (टाकीतल्या जास्त ऑक्सिजनच्या हवेवर) घालते.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग खालचा डेक, मधली केबिन, झालं काम. झोपेपुरतं खरंच तेच. पण तिथून रात्री बाहेर कसं पडायचं हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारते. 2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या कन्सेप्शन या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली, खालच्या बंकरूममध्ये झोपलेले 34 जण गेले. जिना आणि बंकवरची आपत्कालीन झडप, दोन्ही वाटा वरच्या एकाच सलूनमध्ये, म्हणजे बसायच्या-जेवायच्या खोलीत, उघडत होत्या, आणि आग तिथेच होती. रात्री फिरून लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं. नोव्हेंबर 2024 मध्ये इजिप्तमध्ये मार्सा आलमजवळ सी स्टोरी ही डाइव्ह बोट पहाटे उलटली, तेव्हा काही जण आत केबिनमध्ये एक दिवसाहून जास्त अडकून होते.

म्हणून बुकिंगच्या आधी दोनच गोष्टी मेलवर विचारते: खालच्या डेकवरून दोन वाटा आहेत का आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी निघतात का, आणि रात्री पहाऱ्यावर कोणी जागं असतं का. गोलमोल उत्तर आलं की मी दुसरी बोट शोधते. बोटीवर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती झडप उघडून बघते, खरंच वर चढून बघते, कारण काही ठिकाणी तिच्यावर सुटकेसेस रचलेल्या असतात आणि क्रूला त्याचं काही वाटत नाही. हसतात लोक, हसू देत. टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बेडजवळ चार्जिंगला लावून झोपणारा पार्टनर असेल तर पहिल्याच रात्री स्पष्ट सांगा, आगीचा धोका नको, बाहेर चार्जिंगची जागा असते, तिथे जा बाबा.

सगळं जमवून माझी आवडती जागा म्हणजे मेन डेक, मधली ट्विन, दार थेट बाहेरच्या पॅसेजमध्ये उघडणारी. हलणं खालच्यापेक्षा थोडं जास्त, पण उठलं की दोन पावलांत मोकळी हवा. ही केबिन सगळ्यात आधी जाते, सिमिलनला तर पार्कच मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंद, त्यामुळे सीझनमध्ये महिनोन्‌महिने आधी बघावं लागतं. नाही मिळाली आणि बजेट कमी असेल तर खालचा डेक चालतो, फक्त जिन्याजवळचा, खालचा बंक. वरच्या बंकवर रात्री बाथरूमला उतरताना शिडी सापडत नाही आणि खालचीच्या हातावर पाय पडतो.

एकटी जाणाऱ्या मुलींसाठी: बहुतेक बोटी बाईबरोबर बाईच देतात पण गृहीत धरू नका, लिहून घ्या. पूर्ण केबिन एकटीला हवी तर बराच जादा दर लावतात, मला तो परवडत नाही, इअरप्लग परवडतात. एसी सेंट्रल असेल तर जाड हूडी न्या, गोधडीसारखं काही मिळत नाही तिथे, एक पातळ ब्लँकेट. आणि वेबसाइटवरच्या बेडच्या फोटोंवर जाऊ नका, डेक प्लॅन मागवा, केबिनचा नंबर कन्फर्मेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर 'तशीच दुसरी केबिन' म्हणून इंजिनशेजारची गळ्यात मारतात.