पीसीओएससाठी शतपुष्पा तैलाचं नस्य: काही महिन्यांच्या वापरानंतर

शतपुष्पा म्हणजे बाळंतशेप. दुकानात बडीशेपेचं तेल हातात पडलं तर ते परत करा. बाळंतशेप घालून तीळतेलात सिद्ध केलेलं हे तेल लांबलेल्या पाळीसाठी वैद्य नस्याला, म्हणजे नाकात थेंब सोडायला, देतात. पाळी संपली की सलग सात दिवस, मग पुढच्या चक्रात पुन्हा. पीसीओएसमध्ये (संप्रेरकं बिघडून बीज वेळेवर सुटत नाही, तो विकार) कधी कधी पाळीच येत नाही, तेव्हा सुरुवात कधी करायची हे वैद्यांना विचारा, पण आधी घरी गर्भचाचणी करून घ्या. गरोदरपणात, पाळी चालू असताना, ताप किंवा ताजी सर्दी असताना नस्य करायचं नाही.

तेलापेक्षा पद्धत जास्त महत्त्वाची. सकाळी रिकाम्या पोटी, आंघोळीआधी कपाळाला, गालांना, नाकाच्या बाजूंना कोमट तीळतेल चोळून ओल्या गरम फडक्याने शेकायचं, डोळे झाकून. खांद्याखाली उशी घेऊन उताणं झोपायचं, म्हणजे डोकं थोडं मागे झुकतं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून थेंब मनगटावर पाहायचा. एक नाकपुडी दाबून दुसरीत दोन थेंब, मग उलट. घरी एवढंच, सहा, आठ, दहा थेंबांचं मर्श, म्हणजे मोठ्या मात्रेचं, नस्य वैद्यांसमोरच. हलकेच आत ओढायचं, घशात उतरलेलं थुंकायचं, तळपाय चोळत पडून राहायचं, शेवटी कोमट पाण्याच्या गुळण्या.

जोरात हुंगलं की ठसका लागतो. तेल वारंवार श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात साचून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून ठसका लागत राहिला तर थांबाच. गिळलं तर मळमळतं. जेवून किंवा नहाल्यावर लगेच केलं तर डोकं जड होतं. ड्रॉपर नाकाला टेकला की बाटलीतलं सगळं तेल खराब.

फरक कुठे पडला? नाकाचा कोरडेपणा आणि सकाळचं जड डोकं लवकर कमी झालं, झोपही सुधारली. हनुवटीवरच्या केसांत काही बदल नाही. पाळीतलं अंतर घटलं, पण त्याच काळात रात्रीचं जेवण लवकर आणि रोजचं चालणंही सुरू होतं, त्यामुळे सगळं श्रेय नस्याला देता येत नाही. नाकातलं तेल थेट मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवर काम करतं, हा जाहिरातीतला दावा सिद्ध झालेला नाही. नुसती तारीख पाहून समाधान मानू नका. पाळीच्या साधारण सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासलं तर बीज सुटलं की नाही ते कळतं.

थायरॉइडची गोळी किंवा मेटफॉर्मिन (पीसीओएसमध्ये देतात ती साखरेची गोळी) नस्याच्या भरवशावर बंद करू नका. तीन महिने पाळी आलीच नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कारण गर्भाशयाचं अस्तर तोवर जाड होत राहतं आणि त्यावर नाकातल्या दोन थेंबांचा उपाय नाही.