पायाखालचा संसार: घरी केलेल्या पेडलबोर्डचे आठ महिने

फेब्रुवारीत माझ्या गिटारच्या पेडलांसाठी, म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांसाठी, हा बोर्ड केला, आता कोजागिरीही होऊन गेली. एक कडक मे महिना, पुण्याचा अख्खा पावसाळा, गणपती-नवरात्रातली धावपळ आणि माझ्या स्कूटरच्या पायाशी ठेवून केलेला प्रवास एवढं सगळं त्याने सोसलंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. आमचा सात जणांचा हौशी ऑर्केस्ट्रा आहे. हिंदी-मराठी गाणी, मधे दोन कोळीगीतं आणि शेवटी फर्माईश. सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवार-रविवार मंडप. त्यामुळे स्टुडिओत बसून सूर घासूनपुसून घेणाऱ्यांना माझा अनुभव कितपत लागू पडेल ते त्यांनी ठरवावं.

कुठलं पेडल घ्यावं हे सांगणारे पायलीला पन्नास मिळतात. पण आठ महिन्यांत माझ्या पेडलांपैकी एकच बंद पडलं, तेही माझ्या मूर्खपणाने. बाकी प्रत्येक वेळी घात केला तो वायरीने, विजेने नाहीतर चिकटपट्टीने. म्हणून सुरुवात खालून करतो.

तयार बोर्डांच्या किमती पाहून आधी पोटात गोळा आला. शेवटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणला आणि बोहरी आळीतून ॲल्युमिनिअमचा अँगल, स्क्रू, रबरी बूट. आमच्या सोसायटीत कामाला आलेल्या सुतारमामांनी दोन पट्ट्या कापून दिल्या. "हे पाट कशाला, जेवायला?" असंही विचारलं. पट्ट्यांमध्ये दोन इंचांची फट ठेवली, त्यातून वायरी खाली जातात. बोर्ड २४ इंच बाय १३ इंच, पुढची उंची दीड इंच, मागची साडेतीन. हा उतार महत्त्वाचा, नाहीतर मागच्या रांगेतलं पेडल दाबताना पुढच्याच्या बटणांवर पाय पडतो आणि ऐन गाण्यात टोन फिरतो. सगळा सांगाडा मिळून दीड हजाराच्या आत बसला. दिसायला खास नाही, पण एका कीबोर्डवाल्याने अंधारात त्याच्यावर उभं राहून दाखवलंय आणि काही झालं नाही.

मापं आधी कागदावर काढली होती. बॉस कंपनीच्या छोट्या पेडलांचं एक बरं असतं: १९७७ पासून डबी तीच, ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ लांब. म्हणून पुठ्ठ्याचे नऊ तुकडे कापले, चटईवर मांडले आणि खूश झालो. पुठ्ठ्याला जॅक, म्हणजे वायरींची टोकं, नसतात हे विसरलो. दोन पेडलांच्या मध्ये दोन जॅक समोरासमोर येतात, त्यांची जागा धरली की एका रांगेत सातऐवजी पाच पेडलं बसतात. चपटे जॅक घेतले तर थोडं सुटतं. आणि इनपुट उजवीकडे, आउटपुट डावीकडे. म्हणजे आवाज उर्दूसारखा उजवीकडून डावीकडे वाचायचा. पहिल्या दिवशी मी सगळं उलटं जोडलं होतं आणि अर्धा तास ॲम्पला शिव्या देत होतो.

आता वीज. ज्याला पेडलबोर्ड करायचाय त्याने बाकीचं वाचलं नाही तरी हे वाचावं. सुरुवातीला मी एकच ९ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि त्याला माळेसारखी सहा तोंडांची वायर लावली होती. ट्यूब स्क्रीमर (आवाज किंचित फाडणारा ओव्हरड्राइव्ह), कोरस (एका गिटारच्या दोन-तीन वाटायला लावणारा) वगैरे ॲनालॉग पेडलं असेपर्यंत ठीक चाललं. त्या माळेत डिजिटल डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, आला आणि कानात बारीक शिट्टी सुरू झाली. ओव्हरड्राइव्हचा गेन, म्हणजे आवाज फाडण्याचा जोर, वाढवला की शिट्टीही वाढे. डिजिटल पेडलाच्या आतल्या घड्याळाचा कचरा त्याच वायरीवरून मागे येतो आणि ओव्हरड्राइव्ह तो इमानदारीने मोठा करून ऐकवतो. गिटार बदलली, वायर बदलली, फॅन बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. शेवटी डिलेला वेगळा ॲडॉप्टर लावल्यावर शिट्टी गायब.

मग नाइलाजाने प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय घेतला: सहा तोंडं, प्रत्येकी १०० मिलिअँप. सात हजार गेले. आवाज तर काही येत नाही त्यातून, फक्त एक निळा दिवा लागतो, आणि घरात तो दाखवून सात हजारांचं समर्थन करणं अवघड. पण बोर्डवरची सर्वांत उपयोगी वस्तू तीच. घेण्यापूर्वी बेरीज करा. ट्यूब स्क्रीमर आणि वा (पायाने वरखाली करून 'वा-वा' बोलायला लावायचं पेडल) फारच कमी वीज पितात, डीडी-८ डिले ६५ मिलिअँप, आरव्ही-६ रिव्हर्ब (घुमारा देणारं पेडल) ९५. म्हणजे शंभरच्या तोंडावर तो रिव्हर्ब जेमतेम मावतो. मोठी डिजिटल पेडलं दोनशे-तीनशे मागतात, ती या सप्लायवर चालणारच नाहीत. आणि हो, मला आलेल्या पहिल्या नगाचं एक तोंड मेलेलं होतं. विक्रेत्याने बदलून दिला, पण तीन आठवडे आणि अकरा ईमेल लागले. आल्या आल्या सगळी तोंडं मल्टीमीटरने तपासून घ्या.

माझा मूर्खपणा इथलाच. पॉवर सप्लायची वाट बघत असताना एका कार्यक्रमाला घरच्या राऊटरचा ॲडॉप्टर नेला. व्होल्ट ९ च होते, टोकही बसत होतं. पण गिटार पेडलांना आतली पिन निगेटिव्ह लागते आणि राऊटरची होती पॉझिटिव्ह. कोरस लावला, दिवा लागलाच नाही, किंचित जळका वास आला. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत एका दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडून दोन मिनिटांत सांगितलं की आतला संरक्षक डायोड गेलाय, बाकी सगळं शाबूत आहे. डायोड दोन रुपयांचा, मजुरी दीडशे. ॲडॉप्टरवरची ती गोल खूण, जिच्यात मध्ये टिंब आणि बाजूला अर्धचंद्र असतो, ती तेव्हापासून मी पंचांगासारखी बघतो.

पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या पॅच वायरींवर मी आधी कंजुषी केली. सहांचा रंगीबेरंगी जुडगा मिळतो, साच्यात ओतलेल्या जॅकवाला. एप्रिलपर्यंत उत्तम. जूनमध्ये हवेत दमटपणा आला आणि खरखर सुरू झाली. जुलैत एका सोलोच्या मध्यात आवाजच गेला. साच्यातला जॅक उघडता येत नाही, म्हणजे दुरुस्ती नाहीच. मग मीटरवर वायर आणि चपटे जॅक आणून स्वतः डाग दिले. पहिल्या दोन वायरी कुरूप झाल्या, तिसरीपासून हात बसला. जॅक उघडता येतो, डाग सुटला तर परत देता येतो, आणि लांबी हवी तेवढीच. त्यानंतर एकही वायर गेलेली नाही. सोल्डर न लागणारे, स्क्रूने आवळायचे जॅकही मिळतात, मित्राकडे आहेत. स्कूटरच्या हादऱ्यांनी त्याचे स्क्रू सैल होतात, दर कार्यक्रमाआधी तो ते आवळत बसतो.

पेडलं बोर्डाला चिकटवणाऱ्या वेल्क्रोचं कौतुक मी मार्चमध्ये करत होतो. मेमध्ये बोर्ड दुपारभर बंद गाडीत राहिला आणि त्यामागचा गोंद चिक्कीच्या पाकासारखा ओघळला. पेडलं घसरून एकमेकांच्या अंगावर, हाताला काळा चिकटा. यावर उपाय सापडला तो सायकलच्या चेनचा. जुन्या चेनच्या कड्या सुट्या करून घ्यायच्या. कडीचं एक भोक पेडलाच्या तळाच्या स्क्रूखाली अडकवायचं आणि दुसऱ्यातून छोटा स्क्रू थेट प्लायमध्ये. प्रत्येक पेडलाला दोन कड्या कोपऱ्यांत. पेटीसकट बोर्ड उलटा धरला तरी काही हलत नाही. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने मूठभर कड्या फुकट दिल्या. तोटा एकच, जागा बदलायची तर स्क्रूड्रायव्हर घ्यावा लागतो. माझ्या बाबतीत तो फायदाच ठरला, नाहीतर मी रोज रात्री मांडामांड करत बसलो असतो.

सुरुवातीला बोर्डावर नऊ पेडलं कोंबली होती. आज सहा आहेत.

फझ, म्हणजे आवाज पार फाडून खरखरीत करणारं पेडल, पहिला गेला. माझ्या फझ फेसला गिटार थेट लागते, मध्ये काही आलेलं त्याला चालत नाही. माझा टीयू-३ ट्यूनर बंद असतानाही आवाज आपल्या बफरमधून (लांब वायरीत सिग्नल टिकवणाऱ्या सर्किटमधून) काढतो, आणि ट्यूनरच्या नंतर फझ लावला की तो पत्र्यासारखा चिरका होतो. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी साफ होत नाही. फझ ट्यूनरच्या आधी लावला की सुंदर वाजतो, पण आमच्या यादीतल्या किती गाण्यांना फझ लागतो? एकाला. बफर मात्र मला हवाच आहे. गिटारपासून बोर्डापर्यंत तीन मीटर, बोर्डापासून मिक्सरपर्यंत सहा. एवढ्या वायरीत बफर नसेल तर आवाजावरची झिलई उतरते.

फेज ९० (आवाज भोवऱ्यासारखा फिरवणारं पेडल) गेला त्याचं कारण कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळणार नाही. मंडपात गणपतीसमोर स्टेज असतं, चपला खाली काढाव्या लागतात. त्या छोट्या पोलादी बटणावर अनवाणी टाच देऊन बघा! बॉसची किंवा ट्यूब स्क्रीमरची रुंद फळी अनवाणी पायाला सुखाची लागते. पेडल निवडताना हा निकष मी आता आवाजाच्या बरोबरीने धरतो. डीएस-१ डिस्टॉर्शन वाईट नव्हता, पण ट्यूब स्क्रीमर असताना त्याच्याकडे पाय गेलाच नाही. आणि रिव्हर्ब? आमच्या मंगल कार्यालयांच्या हॉलना जेवढा घुमारा जन्मजात आहे त्यात आणखी घालणं म्हणजे गुळात साखर. शिवाय साउंडवाला दादा मिक्सरवरून स्वतःचा घालतोच.

त्या रिव्हर्बच्या जागी आला तो जोयो कंपनीचा अमेरिकन साउंड, आणि माझ्या बोर्डाचं खरं काम तोच करतो. आमच्या कार्यक्रमांना गिटार ॲम्प नसतो, वायर थेट मिक्सरला जाते. ओव्हरड्राइव्ह थेट मिक्सरमधून ऐकला असेल तर तो कसा लागतो ते माहीत असेल: डब्यात कोंडलेली मधमाशी. गिटार ॲम्पचा स्पीकर वरचा कर्कश भाग मुळात वाजवतच नाही, आणि मिक्सरला जोडलेले स्पीकर सगळं वाजवतात. अमेरिकन साउंड फेंडर ॲम्पच्या धर्तीचा आहे आणि त्यात स्पीकरची नक्कल आहे, त्यामुळे तो कर्कशपणा कापला जातो. सगळे सांगतात की असं पेडल साखळीत शेवटी ठेवा. मी ठेवून पाहिलं. त्याचा ड्राइव्ह थोडा चढवला की डिलेचे प्रतिध्वनीही फाटतात. म्हणून मी तो ट्यूब स्क्रीमरच्या नंतर आणि कोरसच्या आधी ठेवलाय. फरक लगेच कळतो.

आताची साखळी अशी: मागच्या रांगेत उजवीकडे ट्यूनर, तिथून पुढच्या रांगेतला क्राय बेबी वा, मग ट्यूब स्क्रीमर, परत मागे अमेरिकन साउंड आणि सीएच-१ कोरस, शेवटी पुढे डावीकडे डीडी-८. वाकडीतिकडी वाटते, पण गाणं चालू असताना ज्यांच्यावर पाय जातो ती तिन्ही पुढे आली आहेत. सहा पेडलं, सहा तोंडं. डिलेला बाहेरून एक छोटं बटण जोडलंय, त्यावर पायाने ताल द्यायचा. आमचा ऑक्टोपॅडवाला उत्साहात आला की लय चढते, आणि ठरवून ठेवलेला डिले मग त्याच्याशी भांडतो. दोन ओळींमध्ये चार वेळा बटण दाबलं की तंटा मिटतो.

बोर्डानंतर डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणारी डबी, आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारा, खटका. मिक्सरची वीज एका फेजवरून, स्टेजची दुसरीकडून, कधी जनरेटरवरून. मग जो घुंऽऽ आवाज येतो तो निम्म्या वेळा या खटक्याने जातो. पण लक्षात घ्या, हा खटका घरघर घालवतो, शॉक नाही. एका जुन्या हॉलमध्ये गिटारच्या तारांना हात असताना माइकला ओठ लागला आणि डोळ्यांपुढे तारे चमकले. सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. तेव्हापासून पेटीत टेस्टर असतो आणि पॉवर सप्लायची तीन पिनांची वायर मी दोन पिनांच्या जुगाडात कधीच घालत नाही. संयोजक कुरकुरतात, कुरकुरू देत.

तक्रारी उरल्यात. वा पेडलाचा इनपुट जॅक बोर्डाच्या कडेबाहेर येतो, दोनदा आपटलाय. आडवा जॅक लावला तरी अर्धा इंच बाहेर राहतोच. बोर्ड दोन इंच रुंद करायला हवा होता. भरलेलं वजन आठ किलोच्या आसपास आहे आणि मी त्याला शिवून घेतलेल्या कॅनव्हासच्या पिशवीचे बंद दोनदा उसवले. पावसाळ्यात पिशवीत सिलिकाच्या पुड्या ठेवल्या, तरी ऑगस्टमध्ये ट्यूब स्क्रीमरचा टोनचा नॉब खरखरला. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून दहा-बारा वेळा फिरवल्यावर शांत झाला. ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सगळ्या पेडलांतून काढून टाकल्यात, त्या आत फुटल्या तर टर्मिनल खातात.

पूर्वी स्टेजवर सगळं पसरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची आणि तबलेवाले काका तोवर तबला लावून, चहा पिऊन मोकळे असायचे. आता पेटी उघडायची, तीन वायरी लावायच्या, निळा दिवा बघायचा. परवा कोजागिरीच्या कार्यक्रमाला काकांचा चहा अर्धा व्हायच्या आत मी तयार होतो. त्यांनी बोर्डाकडे बघितलं आणि विचारलं, "अरे, ती सायकलची चेन आहे का?"