शेल गॅसचा वीकेंड कोर्स, अलकापुरी (बडोदा): फी वसूल झाली, पण पाण्याचा विषय घाईत उरकला

तीन शनिवार-रविवार, साडेसात हजार फी. मी मड लॉगिंगच्या (तेलविहीर खणताना वर येणारा दगड तपासायच्या) कामावर असतो, ड्रिलिंगमध्ये शेल (चिखल दाबून झालेला बारीक थरांचा दगड) आला की कटिंग्जच्या (खणताना निघालेल्या दगडाच्या तुकड्यांच्या) पुड्या भरायच्या आणि तेल-गॅसवाला वाळूचा थर कधी येतो त्याची वाट बघायची एवढंच माहीत, गॅस अडकलेल्या शेलकडेच माल म्हणून कधी बघितलं नव्हतं म्हणून नाव घातलं.

पहिल्या दिवशी सरांनी स्लाइड लावलीच नाही, दोन दगड हातात दिले. एक कडक सिलिकावाला शेल, एक मातकट, दोन्ही पाण्यात टाकले आणि चहा होईपर्यंत मातकट पार भुसभुशीत झाला. सगळा कोर्स मला तिथंच समजला खरं तर. फ्रॅकिंग करून, म्हणजे दाबानं पाणी सोडून, दगडात भेग पाडली तरी ती उघडी राहायला वाळू घालतात ना, मऊ शेलात ती वाळूच रुतते आणि भेग मिटते. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये क्वार्ट्झ (सिलिकाचं कडक खनिज) भरपूर म्हणून दगड नीट फुटतो, आणि तिथंसुद्धा जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीला 1981 च्या पहिल्या विहिरीपासून फ्रॅकिंगची पद्धत जमेपर्यंत 1990 चं दशक संपत आलं! आपला खंभातचा शेल इओसीनचा, पाचेक कोटी वर्षांचा, चिकणमाती जास्त, मग तिथला फॉर्म्युला इथं कसा चालेल?

दुसरं आवडलं ते जुन्या डेटाबद्दल. खंभात खोऱ्यात 1958 पासून तेल सापडतंय, विहिरी भरपूर, पण कोअर (दगडाचे अखंड नमुने) काढले ते बहुतेक वाळूच्या थरांचे, शेल नुसता ओलांडला, त्यामुळे टीओसी (दगडात सेंद्रिय कार्बन किती), मॅच्युरिटी (तो गॅस होण्याइतका तापलाय का) सगळं नव्यानं मोजायला लागतं. (आमच्याच पुड्या जपून ठेवल्या असत्या तर, असं सारखं वाटत राहिलं.) 2011 ला बंगालमधल्या दुर्गापूरजवळ शेलमध्ये गॅस मिळाला, 2013 ला सरकारची पॉलिसी आली आणि ओएनजीसीनं आपल्या जंबुसरला विहीर घेतली, तरी व्यावसायिक उत्पादन नाही, ते का हे मला इथं पहिल्यांदा नीट कळलं. पोलंडचं उदाहरणही छान घेतलं, तिथल्या शेल गॅसचा 2011 चा अंदाज 187 ट्रिलियन घनफूट, पुढच्याच वर्षी तिथल्या भूगर्भ संस्थेनं तो कितीतरी खाली आणला आणि एक्सॉन ही अमेरिकन तेल कंपनी दोन विहिरी करून परत गेली.

आता तक्रार. पाणी आणि जमीन मिळून फक्त वीस मिनिटं, तेही शेवटच्या रविवारी जेवणानंतर. शेलच्या थरात आडव्या नेलेल्या एका विहिरीच्या फ्रॅकिंगला कोटभर लिटरच्या वर पाणी लागतं, वर येणारं खारट पाणी कुठं टाकायचं तो प्रश्न वेगळाच. माझी आत्या जंबुसरकडे राहते, तिच्या गावात बोअरचं पाणी खारं, मग हे पाणी आणणार कुठून? अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जमीनमालकाला गॅसमधला वाटा मिळतो, आपल्याकडे जमिनीखालचं सरकारचं, तर शेतकरी का म्हणून रिग (विहीर खणायचं यंत्र) येऊ देईल? मी विचारलं, सर म्हणाले वेळ संपली. वाईट वाटलं.

बाकी नोट्स चांगल्या, शिकवणं हिंदी-गुजरातीत, पण चहाच्या वेळी सर आम्हा दांडिया बाजारच्या दोघांशी मराठीत बोलायचे. एमएस्सी जिऑलॉजीवाल्यांनी आणि रिगवर काम करणाऱ्यांनी नक्की करा, अगदी नवख्याला जड जाईल.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, पाण्याला पूर्ण एक दिवस द्या असं मी फॉर्मवर लिहून दिलंय, दिला तर तेवढ्यासाठी मी परत फी भरेन.