नाशिकच्या गंगापूर रोडचा नागली-रानभाज्यांचा स्टॉल: नक्की जा

पेठ-सुरगाण्याकडच्या बचतगटाच्या बायका गंगापूर रोडला बसतात, त्यांच्याकडून नागलीचं (नाचणीचं) पीठ, वरई अन कुरडूची भाजी घेतली. पीठ एक नंबर!! उकड नीट काढली की भाकरीच्या कडा अजिबात फाटत नाहीत, आणि १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, घरात म्हातारी माणसं असतील तर घ्याच.

मावशींना विचारलं कोरोनात कसं भागवलं, तर म्हणाल्या, "वेशीवर बांबू आडवा टाकला, शहरातून आलेल्याला आधी शेतातल्या झापावर (झोपडीत) ठेवायचो, डबा लांबूनच द्यायचो." द्राक्षबागांची मजुरी बंद झाली तेव्हा पैशाचे फार हाल झाले, पण कणगीत नागली होती, पाऊस पडल्यावर रानात भाजी, त्यामुळे चूल विझली नाही. तिकडे न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळच्या माओरी लोकांनीपण २०२० ला आपल्या भागातल्या रस्त्यांवर असेच नाके लावलेले. आणि अशा लोकांना आपण मागास म्हणतो, मला खरंच राग येतो याचा.

पाकिटावर तारीख नसते, तेवढी टाकायला हवी. नागलीचे पापड लवकर संपतात, सकाळीच जा आणि प्लीज भाव करू नका.