झटका मशीन: रानडुकरांवरच्या स्वारीचं शस्त्र

शेताभोवतीच्या तारेत झटका सोडणारी ही मशीन ठीक आहे, घोळ सेनापतीचा, म्हणजे शेतकऱ्याचा आहे. डब्यात एनर्जायझर (बॅटरीच्या विजेचे झटके करून तारेत सोडणारं यंत्र), 12 व्होल्टची बॅटरी, सोलर पॅनल आणि हूटर, म्हणजे भोंगा मिळतो. तार, इन्सुलेटर, बल्ल्या (लाकडी खांब) वेगळ्या. युद्धखर्च तिथंच वाढतो.

खालची तार जमिनीपासून 8 ते 10 इंचांवर हवी. डुकराचे केस राठ, झटका बसतो तो ओल्या नाकाडाला. सेनापती मात्र रुबाबात गुडघाभर उंच तार ओढतात आणि शत्रू खालून संचलन करत तुरीत शिरतो. दुसरी तार दीड फुटावर. रोह्यासाठी (नीलगायीसाठी) वर आणखी दोन ओढा. तरी तो उडी मारणारच.

खरा घात अर्थिंगमध्ये. वीतभर सळई ठोकून मोहीम सुरू होते! तीन-चार फुटी किमान तीन सळया, अंतरावर, ओलीत ठोका. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, सळई मोकळी पडते, झटक्याच्या गुदगुल्या होतात. मीठ-कोळसा भरून पाणी ओतत राहा. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की करंट तिथूनच जमिनीत जातो, म्हणून धुरा (बांध) सतत साफ हवा.

तार थेट विजेच्या लाइनला जोडणारे महावीरही आहेत. तो गुन्हा आहे, आणि त्यात जागलीवरचा माणूसच मरतो.

विजय जाहीर होतो तेव्हा कळप शेजारच्या वावरात असतो. शेजाऱ्यानं मशीन घेतली की परत हजर.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण हूटरचा कापला: डुकरं त्याला लवकर सरावतात, झोप फक्त गावाची उडते.