टाइपऑफ की इन्स्टन्सऑफ?

जावास्क्रिप्टमध्ये हातात आलेली वस्तू नेमकी कोणत्या प्रकारची, हे तपासायला रोज हे दोन ऑपरेटर वापरले जातात.

साध्या मूल्यांसाठी टाइपऑफ उत्तम. संख्या, स्ट्रिंग, बूलियन, शिवाय फंक्शनही तो बरोबर ओळखतो. कुठेच जाहीर न केलेल्या व्हेरिएबलवर चालवला, तरी एरर न देता ‘अनडिफाइन्ड’ सांगतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. पण ॲरे (मूल्यांची यादी) असो, तारीख असो, त्याचं उत्तर एकच: ‘ऑब्जेक्ट’. ‘काहीच नाही’ दाखवणाऱ्या नललासुद्धा तेच! ही १९९५ पासूनची चूक. दुरुस्त केली तर जुन्या साइट्स मोडतील, म्हणून तशीच राहू दिली आहे. तेव्हा टाइपऑफने ऑब्जेक्ट तपासताना नल आधी वेगळा काढायचाच.

इन्स्टन्सऑफचा प्रश्नच वेगळा: या वस्तूच्या प्रोटोटाइप साखळीत (ज्या ऑब्जेक्ट्सकडून तिला गुणधर्म वारशाने मिळतात, त्यांच्या माळेत) अमुक कन्स्ट्रक्टरचा, म्हणजे वस्तू घडवणाऱ्या फंक्शनचा, प्रोटोटाइप सापडतो का? म्हणून स्वतः लिहिलेल्या क्लासेससाठी, किंवा एरर पकडणाऱ्या कॅच ब्लॉकमध्ये टाइपएरर आणि रेंजएरर हे एररचे प्रकार वेगळे करायला, मी तोच वापरतो. अवतरणात लिहिलेल्या साध्या स्ट्रिंगला मात्र तो ‘फॉल्स’ म्हणतो, कारण ती ऑब्जेक्टच नसते. आणि ॲरे आयफ्रेममधून, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातून, आला तर? तिथला ॲरे कन्स्ट्रक्टर वेगळा, त्यामुळे समोर धडधडीत ॲरे असूनही उत्तर ‘फॉल्स’च.

ॲरेसाठी दोघांनाही बाजूला ठेवा. २००९ च्या ईएस५ पासून (जावास्क्रिप्टच्या मानकाची पाचवी आवृत्ती) ॲरे.इजॲरे आहे, आयफ्रेममधून आलेला ॲरेही तो बिनचूक ओळखतो.