बाबा इज यू : आठ महिन्यांनी, झेडचं बटण गेल्यावर

मागच्या आठवड्यात लॅपटॉपचं झेडचं बटण बसलं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, सुटं बटण येत नाही, अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल, साडेचार हजार. अर्धा तास भांडलो आणि लॅपटॉप तसाच उचलून आणला. इथे इंदूरला जेल रोडवर चारशे रुपयांत यूएसबी कीबोर्ड मिळाला. एवढी धावपळ केली, कारण झेडशिवाय 'बाबा इज यू' हा कोड्यांचा कम्प्युटर गेम खेळण्यात अर्थ नाही.

बाकी माहिती सगळीकडे आहे, मी झेडबद्दलच बोलणार. झेड दाबलं की एक चाल मागे. दाबत राहा, लेव्हलच्या पहिल्या चालीपर्यंत जाता येतं. ना गुण कापतात, ना जीव जातो. इथे नुसते दगड नाही, नियमच ढकलायचे असतात: नियम म्हणजे पडद्यावर शब्दांच्या ठोकळ्यांनी जुळवलेली इंग्रजी वाक्यं. 'वॉल इज स्टॉप'मधला एक ठोकळा सरकवला की भिंतीतून आरपार चालत जा. बाबा म्हणजे आपण चालवतो तो छोटा प्राणी. आणि चुकून 'बाबा इज यू' हेच वाक्य मोडलं, तर पडद्यावर आपलं असं कोणी उरतच नाही. संगीतसुद्धा थांबतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं, गेम हँग झाला. झेड दाबलं, संगीत पुन्हा सुरू, बाबा पुन्हा हलायला लागला. त्या रात्री मी मुद्दाम चार वेळा ते वाक्य मोडलं.

पहिल्या महिन्यात मात्र पैसे वाया गेले असंच म्हणत होतो. चित्रं लहान मुलाने काढल्यासारखी, आणि अडलात तर साधी हिंट नाही. हिंटबद्दलचा राग अजून आहे. चित्रांबद्दलचं मत बदललं. एवढे शब्द आणि वस्तू एकत्र हलताना डोळ्याला चटकन कळायला हव्यात, तिथे नक्षीकाम आड आलं असतं.

हा गेम फिनलंडच्या आर्वी तेइकारीचा. 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे दिलेल्या विषयावर झटपट गेम बनवायच्या मेळाव्यात, 'नॉट देअर' असा विषय होता. त्यातल्या 'नॉट'वरून त्याला लाव्हात न वितळणारा बर्फ सुचला. न वितळण्याचं कारण एवढंच, की शेजारी ठोकळ्यांत 'आइस इज नॉट मेल्ट' लिहिलेलं आहे. पूर्ण गेम मार्च 2019 मध्ये आला. मला कल्पनाशक्ती म्हणतात ती इथे दिसते. नवा राक्षस किंवा नवं शस्त्र काढणं त्यामानाने सोपं.

सुट्टीत नऊ वर्षांचा भाचा आला होता. ठोकळ्यांवरचं इंग्रजी त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, वाचता येत नाही, म्हणून त्याने नमकीनच्या डब्याचा पुठ्ठा कापून मराठी चिठ्ठ्या केल्या. आधी 'भिंत अडथळा आहे' असं लावलं. जमेना. इंग्रजीतलं 'इज' मधोमध बसतं, म्हणून 'रॉक इज फ्लॅग' उलटं करून 'फ्लॅग इज रॉक' होतं. आपलं 'आहे' शेवटी जाऊन बसतं. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मामा, 'म्हणजे' टाकू?" दगड म्हणजे झेंडा. झेंडा म्हणजे दगड. मग त्याच 'दगड'खाली त्याने उभं 'म्हणजे' आणि 'आजी' लावलं, आणि एक चिठ्ठी दोन वाक्यांत कामाला लागली, अगदी गेममध्ये लागते तशी.

राहिला प्रश्न पुठ्ठ्यावर झेडचा. त्यासाठी त्याने वही केली. प्रत्येक चाल लिहायची, मागे जायचं असेल तर शेवटची ओळ वाचून चिठ्ठी परत ठेवायची आणि ओळ खोडायची. तो गेला, वही आईकडे आहे. सतरा पानं भरली आहेत.